काकाजींची परमिट रूम

सकाळी नदीवरचं धुकं विरायला लागे आणि आमच्या दुकानात पोथी सुरू व्हायची. पोथी म्हणजे लायसनच्या अटी. भिंतीवर काचेच्या चौकटीत लायसन, त्याच्याखाली लक्ष्मीचा फोटो, फोटोपुढं दोन उदबत्त्या, आणि चपला बाहेर काढून उभे असलेले आम्ही. आम्ही म्हणजे दुकानाचे मालक काकाजी, मी आणि मागं भाकरी-झुणका करणारा एक म्हातारा स्वयंपाकी. काकाजी चष्मा पुसत, घसा साफ करत आणि गावात सप्त्याला भागवत वाचतात त्या चालीत वाचायला लागत, "अनुज्ञप्तिधारकाने धुंद अवस्थेतील कोणत्याही व्यक्तीस मद्य देता कामा नये..."

मी सकाळच्या एसटीनं अर्धवट झोपेतच आलेला असे. त्या सरकारी शब्दांना उदबत्तीचा वास लागायचा, दारातून नदीचा गारवा आत यायचा, आणि उभ्या उभ्या माझे डोळे मिटत. अनुज्ञप्ती, अभिरक्षा, विहित वेळ. कानावरून पाणी वाहत जावं तसे ते शब्द जात. आज इतक्या वर्षांनी गीतेचा एक अध्याय मला धड म्हणता येत नाही, पण त्या अटी झोपेतून उठवून विचारा, सांगतो.

आमच्याकडच्या भूगोलाची गंमत ठाऊक नसेल तर हे सगळं वेडेपणाचं वाटेल. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी. आर्वीपासून थोडं पुढं गेलं की नदी लागते, आणि नदीपलीकडं अमरावती जिल्हा, तिथं दारू खुली. नदी तीच, पाणी तेच, पण पुलाच्या मधोमध कायदा बदलतो. काकाजींच्या वडिलांचं दुकान आधी आर्वीतच होतं. बंदी आली तेव्हा त्यांनी ते उचललं आणि पुलापलीकडं नेऊन ठेवलं. राहायला मात्र सगळे इकडंच राहिले. त्यामुळं काकाजी रोज सकाळी पूल ओलांडून दारू विकायला जात आणि संध्याकाळी पूल ओलांडून दारूबंदीत जेवायला येत. स्वतः त्यांनी आयुष्यात दारूला जीभ लावली नाही.

मी बी.कॉम. होऊन आर्वीत नुसता हिंडत होतो तेव्हा त्यांनी मला मॅनेजर म्हणून बोलावलं. आईनं ऐकलं आणि तव्यावरची पोळी तशीच जळू दिली. मग एक दिवस काकाजी स्वतः आमच्या ओट्यावर येऊन बसले. धोतर, काळी टोपी, हातात छत्री. आईला म्हणाले, "वहिनी, तुमच्या पोराले मी दारू विकाले नाई नेऊन राह्यलो. कोनाले विकाची नाई, ते पाहाले नेऊन राह्यलो." आईला काय कळलं देव जाणे, पण तिनं चहा टाकला. माझं नाव नोकरनाम्यावर चढलं. दुकानात ज्यांनी बाटलीला हात लावायचा त्यांची नावं सरकारदरबारी नोंदवलेली असावी लागतात, तो हा कागद. त्यावर शिक्का बसला तेव्हा काकाजींनी पेढे वाटले. मला मुलगा झाला असता तरी एवढे वाटले नसते.

आणि खरोखरच माझं काम नाही म्हणण्याचं होतं. दुकानाचं नावच परमिट रूम, म्हणजे पिणाऱ्याकडं परमिट हवं. ते कुणाकडंच नसे. मग एक दिवसाचं परमिट फाडून द्यायचं. आजूबाजूचे दुकानदार फावल्या वेळात मनाला येतील ती नावं घालून परमिटं भरून ठेवत. काकाजी गिऱ्हाइकाला समोर बसवत, नाव विचारत, गाव विचारत, वय विचारत, आणि शाळेत दाखल करून घेतल्यासारखं सावकाश लिहीत. पहिल्यांदा आलेला माणूस हमखास खोटं नाव सांगायचा. काकाजी पेन उचलून त्याच्याकडं बघत राहायचे. "खरं सांगजो भाऊ. आपलं नाव सांगाले लाज वाटत असन तं पेऊ नोको." निम्मे लोक तिथंच उठून जात.

दारूला पंचवीस वर्षं पुरी पाहिजेत, ही अटच. एकदा एक गडी भांडायलाच उठला, म्हणाला, "काकाजी, माह्यं लगन झालं, दोन लेकरं आहेत, अन् तुम्ही मले पोट्टा म्हनता?" काकाजी शांतपणे म्हणाले, "लेकरं होवाले अट नाई बाप्पा. याले आहे." त्या गड्याला आम्ही बियर दिली, ती एकविसाला चालते. दोन वर्षांनी तो पंचविसाचा झाला आणि ऐटीत आला तेव्हा काकाजींनी उठून त्याचं स्वागत केलं.

सीलबंद बाटली दुकानाबाहेर जाऊ द्यायची नाही, हा आणखी एक हट्ट. आमचं लायसन बसून पिण्याचं होतं. बाकीच्यांचा खरा धंदा पार्सलचा, दुधाच्या कॅनमधून, कापसाच्या गाठोड्यातून पूल ओलांडून बंदीत जाणारा. काकाजी प्रत्येक बाटलीचं झाकण स्वतःच्या हातानं फोडत आणि मगच पुढं सरकवत. पेग भरणं आमचं काम, त्याला ते कधी हात लावत नसत. ज्याच्याजवळ गाडी असेल त्याची चावी आधी लोणच्याच्या जुन्या बरणीत पडायची. ती सकाळी मिळायची. एका जिनिंगवाल्या शेटजींची जीप आमच्या दारात दव खात उभी असायची आणि शेटजी एसटीच्या खिडकीत बसून घरी जायचे. दुसऱ्या दिवशी त्यांच्या चावीला कैरीचा वास यायचा आणि ते मलाच शिव्या घालायचे, काकाजींना घालायची हिंमत नव्हती ना.

पिऊन झालेल्या माणसाला लगेच पुलावर जाऊ द्यायचं नाही, कारण पुलाच्या त्या अंगाला तो गुन्हेगार ठरायचा. बाहेर कडुनिंबाखाली एक लांब बाक होता. काकाजी त्याला थांबा म्हणत. "जाय, थांब्यावर बस." मग स्वयंपाकी भाकरी, झुणका, कांदा आणून द्यायचा. तिथं बसून माणसं नदीकडं बघत राहायची. कुणी हळू आवाजात काही गुणगुणायचा, कुणी उगाच रडायचा. चाल सरळ झाली की काकाजी त्यांना पुलाच्या तोंडापर्यंत पोचवत आणि तो माणूस दिसेनासा होईपर्यंत तिथंच उभे राहत.

मला राग यायचा, खोटं कशाला बोलू. शेजारच्या दुकानांत गर्दी, आणि आम्ही इथं थांब्यावरच्या पाहुण्यांची सरबराई करतोय. तपासणीला येणारे साहेबसुद्धा कंटाळले होते. सगळं जिथल्या तिथं, वेळेवर, नेमकं. एकदा साहेब म्हणाले, "काकाजी, तुमच्याकडं आलो का मले झोप येते." आणि खरंच ते थांब्यावर आडवे झाले. दुपारभर आम्ही त्यांच्या उशाशी पाय न वाजवता हिंडत होतो.

पण त्या दुपारी! अशा दुपारी मी पुन्हा कुठं पाहिल्या नाहीत. उन्हाची तिरीप मागच्या खिडकीतून फळीवरच्या बाटल्यांवर पडायची आणि फरशीवर तपकिरी, हिरवे, मधासारखे डाग पसरायचे. नदीचं पाणी छतावर हलायचं. आत दोन-चार माणसं बसलेली, काकाजींच्या धाकानं कुजबुजत बोलणारी. लांबून एसटीचा हॉर्न. तो रंगीत उजेड सरकत सरकत काकाजींच्या खुर्चीपाशी यायचा, की काकाजी उठून खुर्ची थोडी मागं घ्यायचे. पुन्हा उजेड यायचा, पुन्हा खुर्ची मागं. आपल्या धोतरावर दारूचा उजेडही पडू नये, एवढं सोवळं. दुपार कलेपर्यंत खुर्ची भिंतीला टेकलेली असायची. मी गल्ल्यावर बसून ते बघत असे आणि आपण जागे आहोत की नाही याचीच मला शंका यायची.

हे सोवळं एकाच ठिकाणी उपयोगाला येत नव्हतं. काकाजींची मुलगी शोभा, आम्ही तिला शोभाताई म्हणायचो, बी.ए. झाली होती, गोरीगोमटी, गुणाची, शिवणकामात हात असा की आर्वीच्या बायका ब्लाउज तिलाच टाकायच्या. स्थळं येत, पत्रिका जुळे, आणि मग कुणीतरी विचारी, मुलीचे वडील काय करतात? की झालं. दारूबंदीच्या जिल्ह्यातला दारूवाला. पोहे खाल्लेले पाहुणे निरोप पाठवायचे, मुलीचे ग्रह जड आहेत. काकाजी दुकानात काही बोलत नसत. पण असा नकार आला की दुसऱ्या दिवशी अटी वाचताना आवाज खाली यायचा. काकू तर देवासमोर बसून एकच म्हणायच्या, "माह्या पोरीनं काय केलं?"

शेवटी यवतमाळकडचं एक स्थळ जमलं. बियाणं-खतांचं मोठं दुकान, मुलगा एका पतसंस्थेत, दिसायला नीट, बोलायला कमी. शोभाताईला तो आवडला. आवडला म्हणजे किती, तर साखरपुड्यानंतर ती शिवणाच्या मशीनवर बसली की सुई चालायची नाही, नुसती खिडकीबाहेर बघत बसायची. काकू हसून सांगायच्या. काकाजी मला म्हणाले, "हे एक पार पडू दे बाबू. मंग मले काई नाई पायजे." मी त्यांना असं मागताना कधी पाहिलं नव्हतं.

लग्नाआधी थोडे दिवस व्याह्यांचा निरोप आला. पाहुण्यांच्या मुक्कामाला, म्हणजे जानोशाला, चार पेट्या पाठवून द्या, दुकान घरचंच आहे. जानोसा ठरला होता आर्वीत. काकाजींनी उलट निरोप धाडला की पुलाच्या अलीकडं थेंब येणार नाही. तिकडं कुरकुर झाली, इकडं काकू रडल्या. मग काकाजींनीच तोड काढली. जानोसा पलीकडच्या काठावर, देवळाच्या धर्मशाळेत. ज्यांना घ्यायची त्यांनी दुकानात यावं, परमिट फाडावं, बसून घ्यावी. आणि लग्नाच्या आदल्या संध्याकाळी सीमांतपूजनही तिथंच, नदीच्या काठाला. नवरदेवाचं वऱ्हाड गावाच्या शिवेवर आलं की मुलीच्या आईबापानं त्याचे पाय धुवून पूजा करायची, ही रीत. "नदी हेच आपली शीव," काकाजी म्हणाले. ते ऐकून मला बरं वाटलं होतं, सगळं जमून आलं असं.

त्या दिवशी दुपारीच गाड्या आल्या. काकाजी पूजेच्या तयारीत, म्हणून दुकान माझ्यावर. व्याही आत येऊन बसले आणि उठेचनात. ऊन उतरलं, पाणी तांबूस झालं, काठावर पाट मांडले गेले, समई लागली, काकू कुंकवाचं ताट घेऊन उभ्या राहिल्या. इकडं व्याह्यांची जीभ जड झालेली, एक गिलास सांडून झालेला. त्यांनी आणखी मागितली.

मी म्हणालो, "बुवा, पूजा होऊ द्या. सगळे थांबून आहेत."

त्यांनी काउंटरवर हात आपटला. कुणीतरी काकाजींना बोलावून आणलं. ते अनवाणीच आले, पाय धुवायचा तांब्या तसाच हातात.

"चाला बुवा. पाट मांडले."

"एक द्या. मंग चालतो."

"आता नाई देता येत."

"काऊन? दुकान तुमचंच हाय ना?"

"माहंच आहे. म्हनूनच नाई देता येत."

व्याही उठून उभे राहिले, टेबलाला धरून. "मंग पूजाही नाई अन् लगनही नाई. गाड्या वळवा." त्यांच्या पाठीमागं त्यांची माणसं, दारात नवरदेव. कुणी हललं नाही. काकूंनी इतक्या वर्षांत त्या दुकानाची पायरी चढली नव्हती. त्या ताट घेऊन पायरी चढून आल्या आणि काकाजींना म्हणाल्या, "अवो, द्या ना एक. कोन पाहून राह्यलं? माह्या पोरीचं लगन आहे."

काकाजींनी भिंतीकडं पाहिलं. लायसन होतं तिथं, लक्ष्मी होती. मग त्यांनी तांब्या खाली ठेवला, काउंटरच्या आत आले, आणि मी बाजूला झालो. त्यांनी फळीवरची बाटली उचलली. ज्या माणसानं कधी पेग भरला नाही, तो व्याह्याच्या रिकाम्या गिलासावर बाटली धरून उभा होता, आणि मी मनात म्हणत होतो, ओता काकाजी, ओतून टाका एकदाची.

व्याही खूश झाले. काकूंकडं वळून म्हणाले, "आता कसं. इहिनबाई, तुम्ही फिकर नोका करू. उद्यापासून ह्या वक्ताले तुमची पोट्टीच भरून देत जाईन मले. बापाचाच धंदा हाय, शिकवाव नाई लागन." त्यांची माणसं हसली.

काकाजींचा हात तिथंच थांबला. त्यांनी दारातल्या नवरदेवाकडं पाहिलं. "जावईबापू, तुमचं काय म्हननं आहे?"

नवरदेवानं बापाकडं पाहिलं. मग स्वतःच्या बुटांकडं पाहिलं. आम्ही वाट बघितली. काकूंनी वाट बघितली. बाहेर नदी वाहत होती, कुठंतरी सनईवाला सूर लावून पाहत होता.

काकाजींनी बाटली फळीवर, तिच्या जागी ठेवली. लेबल समोर येईल अशी नीट फिरवली. म्हणाले, "चाला, दुकान बंद करून राह्यलो."

गाड्या गेल्या. धूळ खाली बसेपर्यंत अंधारून आलं. पाट तसेच मांडलेले, फुलं तशीच. आम्ही तिघं पायीच पूल चढलो. काकूंच्या हातात ताट, माझ्या हातात समई, विझलेली. पुलाच्या मध्यावर काकाजी थांबले. खाली काळं पाणी होतं, त्यात एखाद-दुसरी चांदणी. म्हणाले, "तो माणूस काय बोलला ते कोनाले सांगजो नोको. पोरीच्या कानावर जाईन. कोनी इचारलं तं म्हनजो, काकाजीनं नियम नाई मोडला."

"पन काकाजी, तुम्ही तर बाटली..."

"म्हनजो बाबू."

घरी शोभाताई हळदीच्या हातांनी दार उघडायला आली. काकाजी उंबऱ्यातच म्हणाले, "लगन मोडलं. मी मोडलं." ती आत गेली आणि बराच वेळ मोरीत पाणी वाजत राहिलं, हात धुवत होती.

मग काय, आर्वीभर झालं. एका पेगापायी पोरीचा संसार मोडला, लायसन पोरीपेक्षा लाडकं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. बाजारात, बस स्टँडवर, कापसाच्या गाड्यांपाशी, जो तो सांगायचा. मला कुणी विचारलं की मी शिकवलेलं उत्तर द्यायचो आणि दात आवळायचो. त्यांना नियमच पाळायचा असता तर त्यांनी गिलासावर बाटली धरली असती का, असं ओरडून सांगावंसं वाटायचं. नाही सांगितलं. सकाळची पोथी चालू राहिली, पण धुंद अवस्थेतील व्यक्तीची अट आली की काकाजी गप्प व्हायचे आणि मला पुढं वाच म्हणून हात करायचे. ती अट पुन्हा त्यांच्या तोंडून मी ऐकली नाही.

शोभाताई बापाशी भांडली नाही, पण पूर्वीसारखी बोललीही नाही. जेवायला वाढायची, औषध द्यायची, नजर खाली. मला वाटायचं, हिनं मनात अढी धरली, आणि मला तिचा राग यायचा. पुढं सिंदी मेघेच्या एका शाळामास्तराशी तिचं लग्न झालं. साधं, चहा-चिवड्यावर. माणूस चांगला निघाला. ती माहेरी यायची तेव्हाही बापलेकीचं बोलणं पाऊसपाण्यापुरतंच. काकाजी तिला पोचवायला बस स्टँडवर जायचे आणि बस दिसेनाशी झाली तरी उभे राहायचे.

काकाजी गेले ते दुपारीच, घरच्या खाटेवर, झोपेतल्या झोपेत. तेरवी झाल्यावर लायसनचं काय करायचं हे ठरवायला शोभाताई माझ्याबरोबर पूल ओलांडून आली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्या दुकानात शिरली. दुपारच होती. फरशीवर ते रंगीत डाग पडले होते आणि खुर्ची कुणी मागं घेत नव्हतं. ती काउंटरपाशी उभी राहिली, फळीवरून नजर फिरवली. मला राहवलं नाही. म्हटलं आता माणूसच गेला, वचन कुणासाठी ठेवायचं? मी म्हणालो, "ताई, लोक म्हनतात ते खरं नाई. काकाजीनं नियमासाठी नाई मोडलं तुमचं लगन. तो माणूस तुमच्याबद्दल..."

"माहीत आहे भाऊ," ती म्हणाली. "आईनं मले त्याच दिवशी सांगतलं."

"मंग इतकी वर्षं? काकाजींसंग धड बोलल्या पन नाई तुम्ही."

तिनं पदर तोंडाशी धरला. मग हळूच म्हणाली, "काय बोलू? ते समोर आले का माही मानच वर नाई व्हायची. आई मले नेहमी सांगे, तुह्या बापानं तुह्यासाठी बाटली खाली ठेवली. ते तर कोनताही बाप ठेवीन, भाऊ. माह्या बाबानं माह्यासाठी ते उचलली होती."